थंड डोक्याचा मुकादम

बर्फाच्या कारखान्यात सगळ्यात थंड काय, असं कुणी विचारलं तर तिथले सहाही कामगार बर्फ सोडून मुकादमाकडे बोट दाखवत. मशीन बंद पडो, वीज जावो, गाडीवाला शिव्या देवो, या गृहस्थाचा आवाज म्हणून चढायचा नाही. खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. पाल दिसली की खुर्चीवर चढणारा, निजण्याआधी शेगडीचं बटण तीनदा तपासणारा हा माणूस मुळात भित्रा. फक्त पोटात गोळा आला की तो आवाज खाली आणायचा, आणि लोक म्हणायचे, काय धीराचा आहे हो.

गेले पंधरा दिवस तो गोळा जागचा हलला नव्हता. मशीनघरातल्या अमोनियाच्या जुन्या पाइपाशी मधूनच नाकाला झोंबणारा वास यायचा. मालक म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात बदलू." तो आठवडा काही उजाडत नव्हता. माणसं आत जायला कचरू लागली, तेव्हा मुकादमाने रोज सकाळी सगळ्यांकडून बाहेर पडायचा सराव करून घ्यायला सुरुवात केली. बिल्ल्याचा नियमही कडक केला. आत जाताना फाटकाजवळच्या फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आलं की परत खिळ्याला लावायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत.

नियम सगळ्यांना, एक दाजी सोडून. दाजी म्हणजे मुकादमाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुकादमाच्या शब्दावर कामाला लागलेला, म्हणून अख्ख्या कारखान्याचा दाजी. गारठ्यात पितळ कातडीला चिकटतं, या सबबीवर तो बिल्ला खिळ्यावरच ठेवून आत जायचा. बहिणीने फोनवर बजावलं होतं, "दादा, चारचौघांत त्यांना बोलू नकोस हं." त्या दिवशीही मुकादमाने तो बिल्ला लटकताना पाहिला आणि ओठांवर आलेले शब्द गिळले.

अकराच्या सुमाराला पाइप फुटला. मुकादमाने मोठी झडप फिरवून बंद केली, पण तोवर मशीनघर गॅसने भरलं होतं.

"ओला फडका तोंडाला लावा. भिंत धरून चला. पळायचं नाही," तो रोजच्याच सुरात सांगत राहिला.

फाटकाबाहेर सगळे खोकत, डोळे चोळत उभे राहिले. त्याने फळ्याकडे पाहिलं. सहाही बिल्ले जागेवर होते. त्याला हायसं वाटलं, जेमतेम एका श्वासापुरतं.

"दाजी कुठायत?" बर्फाच्या लाद्या मोजून देणाऱ्या बाईने विचारलं.

मुकादमाने डोकी मोजली, पाचच भरली. दाजी शीतघरात होता, आणि शीतघराचं एकुलतं एक दार मशीनघरात उघडत होतं.

"त्यांचा बिल्ला मी सकाळी पाहिला होता," तो सगळ्यांना म्हणाला. "बोललो नाही. चूक माझी. आता ऐका. आत कुणी जायचं नाही, मीसुद्धा नाही. फोन केलाय, बंब निघालाय. एकाने रस्त्यावर उभं राहा. बाकीच्यांनी नळी धरा, लांबूनच मशीनघरात पाणी मारत राहा."

तो स्वतः मागच्या भिंतीकडे गेला. तिथे लादी बाहेर सरकवायची अरुंद खिडकी होती. बर्फाने आखडलेलं तिचं झाकण बोटभरच उघडलं. शीतघराचं जाड दार बंद होतं तोवर दाजी सुरक्षित होता. ते उघडलं असतं, तर मात्र सगळंच संपलं असतं.

"दाजी, ऐकू येतंय का?"

"दादा? दिवे का गेले हो?"

"गॅस सुटलाय. तुम्ही आतच थांबा. दार उघडू नका."

"आज दुसऱ्यांदा सराव वाटतं?" दाजी हसला. "गारठून कुल्फी झालीये माझी. येतोच बाहेर."

सरावात मुकादम अगदी याच आवाजात बोलायचा. त्याने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, आणि सवयीने आणखी शांतपणे सांगितलं. आत पावलं दाराच्या दिशेने निघाली. मग कडीचा आवाज आला.

"दाजी, थांबा!" मुकादम ओरडला. "सराव नाही हो हा. मला भीती वाटतेय. हातपाय लटपटतायत माझे. पाया पडतो तुमच्या, त्या दाराला हात लावू नका. तिला काय तोंड दाखवू मी?"

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला आणि तो रडायला लागला. नळी धरलेल्यांनी वळून पाहिलं. मुकादमच खचला म्हटल्यावर आता ही माणसं पळणार, असं त्याला वाटलं. बाईने नळीचा सैल पडलेला वेढा हाताला घट्ट गुंडाळला आणि पाणी पुन्हा मशीनघराच्या दाराकडे वळवलं. जागचं कुणीच हललं नाही.

मुकादम फटीला कान लावून उभा होता.

"दादा," अगदी जवळून आवाज आला. "कडी काढली होती मी." "परत लावलीये. तुम्ही जाऊ नका."

"नाही जात."

फटीतून दोन गारठलेली बोटं बाहेर आली. मुकादमाने ती मुठीत धरली. बंबावरच्या मुखवटे घातलेल्या माणसांनी दाजीला बाहेर आणेपर्यंत दोघंही भ्यायलेले होते, आणि एकानेही ते लपवलं नाही.