भरल्या डब्याची मोहीम

शुक्रवारी संध्याकाळी रेवाच्या दप्तरातून डबा काढला आणि हाताला वजन लागल्याबरोबर कळलं, आजही भरलेलाच. झाकण उघडलं तर सकाळी तूप-साखर लावून दिलेल्या पोळीच्या सुरळ्या जशाच्या तशा. एकीला दात लागलेला. बस्स.

रेवा आमची मुलगी, चार वर्षांची. उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो, जे. पी. नगरात घर घेतलं आणि जूनपासून ती जवळच्याच एका छोट्या शाळेत जायला लागली. तेव्हापासून डब्याचं हे असं. घरी दोन पोळ्या हाणणारी पोर शाळेत घासभर खात नाही. विचारलं की एकच उत्तर, "जेवायला बसले ना, की गौरम्मा मला उठवते." गौरम्मा म्हणजे शाळेतली आया. मी वर्गाच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की उलट गौरम्मा बिचारी तिला किती लाडीगोडी लावते, ही आपली डबा टाकून उठते आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहते. आता यात खरं कोण बोलतंय? माझी पोर खोटं बोलत नाही. आणि गौरम्मा रोज फाटकात इतकी तोंडभरून हसते की तिच्याबद्दल वाईट मनात आणायचीही लाज वाटते. तरी आणलंच.

त्यात नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल. "काय बाप्पा, पोरीचं तोंड पाह्य किती उतरलं! हाडं दिसून राहिली तिची. मी येते अन् घेऊन जाते तिला. दिवाळीपर्यंत राहू दे माझ्याजवळ. रविवारी संध्याकाळी सांग, तिकीट काढते." आई असं बोलली की ते विचारणं नसतं, निकाल असतो.

मी पण तिचीच मुलगी. म्हटलं, ठीक आहे, रविवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? दोन दिवस घरचा गॅस बंद. शनिवार-रविवारची सगळी कामं, सगळं भटकणं आणि सगळं खाणं बाहेर. पोर बाहेर जेवते की नाही ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार. नाही जेवली, तर हट्ट तिचा. जेवली, तर मग सोमवारी शाळेत मी आहे आणि ती गौरम्मा आहे. माझा नवरा मंदार पुण्याचा, त्याने लगेच नाव दिलं, "भरल्या डब्याची मोहीम." याला नावं ठेवायला सांगा फक्त.

तर बंगळुरूत नवीन असाल, लहान मूल पदरी असेल आणि शनिवार-रविवार कसा काढावा असा प्रश्न असेल, तर आमची ही मोहीम तुमच्या उपयोगी पडेल. पडली नाही तर निदान हसाल.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी तयार होऊन दारात, आणि साहेब सोफ्यावर फोन घेऊन चहाची वाट बघतायत. "उठ, आयतोबा!" हे माझं रोजचं वाक्य. मंदार जिथे बसतो तिथे त्याला सगळं आयतं हातात लागतं, ताटावरूनही मीच उठवते त्याला. "गॅस बंद आहे म्हणून सांगितलं ना? चहा बाहेर." उठला बिचारा.

नाश्त्याला आमच्या कोपऱ्यावरची दर्शिनी. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं उपाहारगृह: आधी पैसे, मग कूपन, मग खिडकीतून ताटली, आणि कमरेएवढ्या टेबलाशी उभं राहून खाणं. तिघांचं पोटभर इडली-वडा, एक खाली (म्हणजे साधा) दोसा आणि दोन कॉफ्या, पुण्यात एवढ्या पैशांत एकाचंच होईल. लहान मूल असेल तर आठच्या आधी जा, नंतर टेबल मिळत नाही. आम्ही रेवाला भिंतीलगतच्या कट्ट्यावर उभी केली. मी श्वास रोखून बघतेय. तिने इडली चटणीत बुडवली, खाल्ली, दुसरी घेतली, माझ्या वड्याचा अर्धा भाग पळवला आणि वर म्हणाली, "अजून आहे?"

"बघ," मी मंदारला म्हटलं.

"बघतोय," तो म्हणाला. "एक खेळी झाली, सामना बाकी आहे."

मग मेट्रोने जयनगर. गाडी अजिबात नेऊ नका, गाडी लावायला जागा शोधण्यात तुमची सकाळ जाईल. फोर्थ ब्लॉकच्या बाजारात आमच्या कामांची लांबलचक यादी होती. मिक्सरच्या भांड्याचं पातं बसवून घ्यायचं, मंदारच्या दोन पँटी कमरेत सैल करायच्या (इडल्या कुठेतरी दिसणारच ना) आणि रेवाचे शाळेचे बूट. फुलांच्या, केळ्यांच्या, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानांमधून चालत जाताना मला तुळशीबागेची आठवण येते, फक्त इथे कोणी अंगावर ओरडत नाही. "स्वल्प थांबा, मॅडम," मिक्सरवाला अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत म्हणाला, कारण त्याच्या शेजारचा दुकानदार बेळगावचा होता म्हणे.

बुटांच्या दुकानात मात्र माझा पाय अडला. काळे बूट रेवाच्या पायात छान बसले होते, ती आरशासमोर आपटत चालतही होती. मंदारने पाकीट काढलं आणि मी म्हटलं, "राहू दे."

"का?"

"सोमवारी शाळेत जाईल की नागपूरला, कुठे ठरलंय?"

मंदारने पाकीट परत खिशात घातलं. आम्ही बूट परत खोक्यात ठेवले. रेवाने आधी माझ्याकडे बघितलं, मग खोक्याकडे, आणि विचारलं, "मी नागपूरला एकटी राहणार?" मला तिथल्या तिथे रडू फुटलं असतं. "छे गं," म्हणाले आणि तिचा हात धरून बाहेर पडले.

येताना रिक्षा केली. रिक्षावाल्याने मीटरकडे हात करून सांगितलं, "मीटर मेले इप्पत्तु." मंदार म्हणतो, "मीटर मेलं? मग बंद मीटरवर आम्ही का बसायचं?" रिक्षावाला गोंधळला, मंदार चिडला, मीटर तर टकटक चालू! शेवटी बाजूच्या भाजीवालीने हिंदीत सांगितलं, "मीटर के ऊपर बीस." कन्नडमध्ये मेले म्हणजे वर. मीटर जिवंत आहे, फक्त त्याच्या वर वीस रुपये. मी घरापर्यंत हसत होते. मंदार मात्र म्हणत राहिला की मराठी माणसासमोर असं अशुभ बोलू नये.

दुपारी रेवाने बिसीबेळे भात खाल्ला, वरची बुंदी आधी. संध्याकाळी पार्कात मक्याचं कणीस, मग मसाला दोसा. पोर बाहेर जेवते. ठणठणीत जेवते. मला आनंद व्हायला हवा होता, पण जसजसं ती खात होती तसतसं माझं डोकं तापत होतं. म्हणजे पोर खरं बोलत होती! ती बाई तिला खरंच उठवते! रोज सकाळी हसून माझ्या हातातून मुलगी घेते आणि दुपारी तिला ताटावरून उठवते? अन्नावरून? आमच्याकडे मांजरालाही कोणी ताटावरून उठवत नाही. मी मंदारला सांगून टाकलं, "सोमवारी जाऊन शाळेतून नाव काढायचं. आणि त्या बाईला काय बोलायचं ते मी बघते."

"तुला कन्नड येत नाही," तो म्हणाला.

"राग यायला कन्नड लागत नाही."

रविवारी सकाळी लवकर निघालो. कनकपुरा रस्त्याने शहराबाहेर पडलं की तास-सव्वा तासात मोठमोठे खडक आणि रागीची शेतं लागतात. तिथे आत एका टेकडीवर शंकराचं छोटं देऊळ आहे. रस्ता शेवटी कच्चा आहे, पण छोटी गाडी जाते. पायऱ्या बेताच्या, चार वर्षांचं मूल कुरकुरत का होईना चढतं. टोपी आणि पाणी न्या, वर सावली म्हणून एकच पिंपळ आहे. वरून वारा असा येतो की मंदारनेसुद्धा फोन खिशात ठेवला. रेवाने खडकावर बसून खाली चाललेल्या शेळ्या मोजायचा प्रयत्न केला आणि दर वेळी वेगळा आकडा आला. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात सोमवारची भाषणं तयार करत होते.

दुपारची पूजा झाल्यावर इथे सगळ्यांना जेवण असतं. पैसे नाहीत, दानपेटीत काय टाकायचं ते टाका. चपला बाहेर, हातपाय धुवायचे आणि लांब पंगतीत मांडी घालून बसायचं. आम्ही बसलो, रेवा आमच्या मध्ये. केळीच्या पानावर काकडीची कोशिंबीर, बीन्सची भाजी, भात आणि वर वाफाळतं सारु, म्हणजे आपल्या सारासारखंच, पण तिखटाला धीट. रेवाने भाताचा पहिला घास घेतला, दुसरा घेतला. हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई सारुची बादली घेऊन आली, रेवासमोर वाकली, आणि अगदी आजीसारखं म्हणाली, "ऊट माडु कंदा, ऊट माडु."

रेवा ताडकन उठून उभी राहिली. हात भाताने भरलेला, तोंडात घास.

"रेवा! बस खाली, पंगतीतून असं उठतात का?"

"अय्यो," ती बाई घाबरली. "याके? ऊट माडु, पुट्टी! ऊट, ऊट!" आणि ती हाताने पानाकडे दाखवायला लागली. ती जितक्यांदा म्हणे तितकी रेवा एकेक पाऊल मागे. शेवटी भिंतीला टेकली आणि रडायला लागली.

"बघ ना आई! या पण मला उठवतात! मी बसलेच होते ना नीट?"

मी तिला मिठीत घेतलं. "कोण उठवतंय गं तुला?"

"या! उठ, उठ म्हणतायत. गौरम्मा पण असंच म्हणते. उठ माड म्हणते."

माझा हात जिथल्या तिथे राहिला. ऊट! इथल्या प्रत्येक खाणावळीच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत मी वाचते की हा शब्द. ऊट म्हणजे जेवण. ऊट माडु म्हणजे जेव. अरे देवा, ती बाई अडीच महिने माझ्या लेकीला जेव, बाळा, जेव म्हणतेय, आणि माझी गुणी पोर अडीच महिने सांगितल्याबरोबर उठतेय!

"आणि अजून काय म्हणते गौरम्मा?" मंदारने विचारलं.

रेवाने नाक ओढलं. "नंतर येऊन म्हणते, उठ आयता. आई तुला म्हणते ना, तसं."

ऊट आय्ता? म्हणजे झालं का जेवण? मंदारला हे ऑफिसातल्या लोकांमुळे ठाऊक होतं. इथे माणसं भेटल्यावर कसे आहात असं विचारत नाहीत, हे विचारतात. मंदार भाताचा हात वर धरून इतका हसला की अख्खी पंगत बघायला लागली. मला हसू येत होतं आणि धाय मोकलून रडूही. त्या भोळ्या बाईबद्दल दोन दिवस मी काय काय मनात आणलं होतं, आणि पोरीच्या कानात "उठ, आयतोबा" कोणी भरलं होतं!

मी रेवाला मांडीवर घेतलं. "ऐक. यांच्या भाषेत ऊट म्हणजे जेवण. त्या तुला म्हणत होत्या, जेव."

"पण उठ म्हणजे उठ असतं."

"आपल्याकडे. यांच्याकडे जेवण असतं."

तिने विचार केला. "म्हणजे मी उठायचं नव्हतं?"

"नव्हतं गं."

"मला किती भूक लागायची," ती म्हणाली, इतक्या साध्या आवाजात की मंदारचं हसू थांबलं.

त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईंना मी हिंदी, चार कन्नड शब्द आणि हातवारे मिसळून सांगितलं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, बादली खाली ठेवली आणि रेवासमोर बसकण मारून स्वतःच्या हाताने भात कालवून दिला. या वेळी शब्द एकही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवत राहिल्या. रेवाने भात दोनदा घेतला, पायसम तीनदा. शेवटी हात आडवा धरून "साकु" म्हणाली. पुरे याला साकु म्हणतात हे ती कुठे शिकली देव जाणे.

परतीच्या वाटेवरच आईला व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून ती बराच वेळ हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "मग मी येऊ की नको?"

"ये ना. राहायला ये. न्यायला नको."

सोमवारी फाटकात गौरम्माला मी शेजारच्या अक्कांकडून पाठ करून घेतलेलं वाक्य सांगितलं. मराठीत उठ म्हणजे तुमच्या कन्नडमधलं एळु, म्हणजे उभं राहा. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रेवाकडे, आणि तोंडावर पदर घेऊन खाली बसली. हसतेय की रडतेय कळेना. मग रेवाला जवळ ओढून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तयार केलेली भाषणं होती ना, त्यातलं एकही कामी आलं नाही. मी नुसती सॉरी म्हणाले. तिला कशाबद्दल ते कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

या दोन दिवसांतून काय राहिलं? टेकडी छान होती, जरूर जा. जयनगरला मेट्रोनेच जा. बूट आम्ही सोमवारी संध्याकाळी जाऊन घेतले. पण खरं राहिलं ते दुसरंच. त्या रात्री जेवताना मंदार आणि रेवा बसलेले, आणि मी नेहमीसारखी ओट्याशी उभी: एक पोळी तव्यावर, एक घास तोंडात, मध्येच उद्याचा डबा. रेवा ताटावरून माझ्याकडे बघत होती.

"आई, ऊट आय्ता?"

मी गॅस बारीक केला. हे मला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "व्हायचंय अजून."

"मग बस ना," रेवा म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली. "आणि कोणी काही म्हटलं ना, तरी उठायचं नाही."