आईच्या विम्याचा फॉर्म

त्या दिवशी मोताळ्याचा आठवडी बाजार होता. बाबा घरी आले आणि पिशवीतल्या मेथीच्या जुडीखालून त्यांनी एक फॉर्म बाहेर काढला... मी तेव्हा सातवीत होते.

बाबा शाळेत शिक्षक. त्यांच्या शिक्षकांच्या पतसंस्थेने सगळ्या सभासदांचा, बायकामुलांसकट, एकत्र आरोग्य विमा काढायचं ठरवलं होतं. एकट्याने काढला तर महाग पडतो म्हणे... सगळ्यांनी मिळून घेतला की हप्ता परवडतो.

आईला काही उमजेना. आमच्या गल्लीत विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारे पैसे! "मी मेली की तुमाले पैसे भेटतीन, असंच ना?"

"अवं, जित्या मानसाचा इमा हाये हा. दवाखान्याचा खर्च भेटते."

आई आणखीच गोंधळली. "मंग बिमार पडाले पैसे भरून राह्यले काय?"

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता...

फॉर्म इंग्रजीत. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. बाबा एकेक प्रश्न मराठीत सांगत होते. आईचं नाव, वय... मग आलं, 'आधीपासून काही आजार?' बाबा सवयीने म्हणाले, "नाही लिही."

मी पेन टेकवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब."

पोटात गाठ हाताला लागते म्हणाली. दोन वर्षं झाली होती...

बाबांनी फॉर्म बाजूला सारला. मग म्हणाले, "मले काऊन नाही सांगितलं?"

"खर्चाचं भेव वाटे. अन् तुमी तरी कधी इचारलं?"

आता वेगळाच गुंता. शेजारच्या गुरुजींनी सल्ला दिला, जुना आजार लिहिला तर विमा मिळत नाही, तो रकाना कोराच ठेवा. बाबांना खोटं लिहवेना, आणि खरं लिहायची हिंमत होईना... दोन दिवस फॉर्म टेबलावर पडून होता. घरात कोणी धड जेवलं नाही.

शेवटी बाबा आईला घेऊन पतसंस्थेत गेले, मीही मागोमाग. सचिव म्हणजे एक रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"वहिनी, बिनधास्त लिवा. एकट्या गुरुजीले कंपनीनं नाही म्हटलं असतं. आपन समदे मिळून घेऊन राह्यलो, म्हनून जुनं दुखनंही घ्यायचं कबूल करून घेतलं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "मले काही झालं तर बाकीचे काऊन भरतीन?"

"उद्या त्याहिले झालं तर तुमी भरसान ना? तसंच हाये हे."

मी तिथेच, सचिवांच्या टेबलावर, तो रकाना भरला.

दोन महिन्यांनी अकोल्याला आईचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. बिलं पतसंस्थेमार्फत गेली आणि बहुतेक खर्च परत मिळाला.

आई बरी झाली त्याचं श्रेय कोणाला द्यायचं, यात माझा अजूनही गोंधळ होतो... डॉक्टरांना, मी कधी न पाहिलेल्या बाबांच्या त्या सगळ्या सहकाऱ्यांना, की आईलाच? एवढं मात्र नक्की, त्यानंतर बाबा आईला तब्येत विचारायला लागले. आई आता पंच्याहत्तरीची आहे... आणि विचारलं की खरं सांगते.