बाळ कसं हातात घेतात

माझी मावशी माझी सख्खी आणि अख्ख्या हॉस्पिटलची मानलेली. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. प्रसूती विभागात ती आया होती. बाळ जन्मलं की पुसायचं, मऊ कापडात गुंडाळायचं, पायाला नंबराचा पट्टा बांधायचा आणि दाराबाहेर नेऊन घरच्यांना दाखवायचं. त्यांनी नंबर बघून कागदावर सही केली की बाळ परत आत. पाच मिनिटांचं काम. ते तिने तीस वर्षं केलं.

शहर बंदराचं. कारखाने, गोदामं, बांधकामं, आणि त्यांच्या मागे कुठकुठल्या देशांतून पोटासाठी आलेली माणसं. त्यामुळे त्या दाराबाहेरच्या बाकांवर एका वेळी चार भाषा तरी बसलेल्या असायच्या. मी शिकायला म्हणून मावशी-काकांकडे राहायला गेले, तेव्हा मावशी संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला दिवसभराची बाळं सांगायची. बाळं म्हणजे खरं तर ती घेणारी माणसं.

सुरुवातीला तिला यातलं काही कळत नव्हतं, हे तिनेच सांगितलं. नोकरीला लागून चार-पाच महिने झाले होते. एका दुपारी ती एक मुलगी घेऊन बाहेर आली. बाप समोरच उभा होता, कारखान्यातून तसाच आलेला, कपड्यांवर ग्रीसचे डाग. मावशी म्हणाली, "घ्या, मुलगी झाली." त्या माणसाने बाळाकडे नजरसुद्धा टाकली नाही. झटकन पाठ फिरवली आणि जिन्याने खाली निघून गेला.

"माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली," मावशी सांगायची. "म्हटलं, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतोस होय? थांब, ये तर परत!"

तो परत आला, पंधरा मिनिटांनी. मावशीने बाळ आत ठेवून मनातल्या मनात चार शब्द तयार ठेवले होते. पण तो आला तो ओल्या केसांनी, हात कोपरापर्यंत धुऊन, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो शर्ट त्याने कागदात गुंडाळून आधीच आणून ठेवला होता. त्याने बूट काढले, भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसला, मांडी नीट केली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आमच्यात असंच," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "ती इतक्या लांबून आलीय. मळक्या कपड्यांत कसा भेटू? आणि उभं राहून नाही घेत. तिच्यापेक्षा उंच कसं राहायचं?"

मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. तयार ठेवलेले चारही शब्द तिने गिळले आणि बाळ आतून आणून, तिथेच त्याच्यासमोर खाली बसून त्याच्या हातात दिलं. त्या दिवसापासून तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. दार उघडायचं, मुलगा की मुलगी ते सांगायचं आणि गप्प राहायचं. समोरचा काय करतो ते बघायचं. कळलं नाही तर राग येण्याआधी विचारायचं, "तुमच्याकडे कसं करतात?"

मग जे काही तिला दिसत गेलं, ते सांगताना तिचे भाजी निवडणारे हात थांबायचे. काही घरचे लोक बाळाकडे आधी बघायचेच नाहीत. सगळे एका सुरात विचारायचे, "ती कशी आहे?" आईची खबर मिळाल्याशिवाय बाळाकडे बघणं त्यांच्यात उद्धटपणा. दुसरे कुणी बाळ बघताच हसून, गाऊन मजला डोक्यावर घ्यायचे, तर शेजारच्या बाकावरचे त्यांच्याकडे हादरून बघायचे. कारण त्यांच्यात नव्या जिवासमोर आवाज चढवत नाहीत. कुणी मावशीचे आभार मानायला कमरेत वाकायचे. एका म्हातारीला तिने "अहो, साधं थँक्यू तरी म्हणा," असं चिडवलं, तर ती म्हातारी दुखावून म्हणाली, "तू आमच्या लेकराला पहिला हात लावलास. घरच्या माणसाचे आभार मानतात का?"

"म्हणजे बघ," मावशी मला म्हणायची, "एक जण वाकतो म्हणून सभ्य, दुसरी वाकत नाही म्हणून सभ्य. आणि दोघंही खरी!"

एकदा लेबर रूममध्ये शेजारशेजारच्या खाटांवर दोघी होत्या. एक छत फाटेल इतकं ओरडत होती. दुसरी ओठ मिटून, चकार शब्द न काढता. त्यांच्यात म्हणे, खोलीत पहिला आवाज बाळाचा असायला हवा. ओरडणारीने कळांच्या मधल्या वेळात मावशीला विचारलं, "त्या बिचारीला कुणी गप्प बसवलंय का हो?" आणि थोड्या वेळाने गप्प असणारीने मावशीचा पदर ओढून हळूच विचारलं, "त्या बिचारीला कुणी शिकवलं नाही का?" दोघींनाही एकमेकींची भारी दया आली होती. बाळं झाल्यावर दोघी एका डब्यातून जेवल्या.

पण मला जे सांगायचं आहे ते मावशीच्या नोकरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षातलं.

एक बाई एकटीच दाखल झाली. नवरा जहाजावर, ती दोन महिन्यांपूर्वीच या शहरात आलेली. तिची भाषा हॉस्पिटलात कुणाला येत नव्हती. सकाळी अकराला मुलगा झाला. मावशीने त्याला गुंडाळलं, पट्टा बांधला आणि दाराशी जाऊन थबकली. बाहेर या बाळाचं कुणीच नव्हतं. ती परत फिरली आणि बाळ आईच्या कुशीत ठेवायला वाकली, तर आईने मान हलवली. दाराकडे बोट दाखवलं, बाळाकडे दाखवलं आणि हाताची पाच बोटं पसरली. पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी.

इन्चार्ज सिस्टर म्हणजे कडक बाई, पण तिनेच फोनवर दुभाषी मिळवला. तासाभराने उलगडा झाला. तिच्या गावात नवं बाळ आधी पाच जणांच्या हातांतून जातं. नात्याचेच हवेत असं नाही, नुसती माणसं हवीत. प्रत्येकाने त्याचं आपापल्या परीने स्वागत करायचं. म्हणजे आपण माणसांत आलो हे त्याला समजतं. मग आई त्याचं नाव उच्चारते. त्याआधी नाही.

सिस्टरने क्षणभर विचार केला. "हात साबणाने धुतलेले, तोंडाला मास्क, आणि मी शेजारी उभी राहणार," ती म्हणाली. "जा मावशी, बघा कोण मिळतंय."

मावशीने दार उघडलं. बाकांवर चौघे होते. एकमेकांना अनोळखी, चौघे चार मुलखांतले. तिने जे होतं ते सरळ सांगितलं. मग पहिली उठली ती एक आजीबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली. हात धुऊन आली, बाळ घेतलं, मास्क लावलेला चेहरा त्याच्या कपाळाजवळ नेला आणि खोल श्वास आत ओढला. इतका वेळ की सिस्टर पुढे सरकली. मग आजी म्हणाली, "झालं. आता मी याला कुठेही ओळखीन."

दुसरी एक कॉलेजातली मुलगी, बहिणीसाठी थांबलेली. तिने बाळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "काय रे माकडा, हेच थोबाड घेऊन आलास का?" मावशी ओशाळली. पण मुलीने बोलता बोलता बाळाचं कापड हनुवटीखाली हळूच नीट केलं. त्यांच्यात ज्याच्यावर जीव जडतो त्याला चांगलं म्हणत नाहीत.

तिसरा सकाळपासून सिस्टरशी हुज्जत घालणारा कोटवाला. याचं काय करावं या विचारात मावशी होती, तेवढ्यात त्याने कोटाची बटणं लावली, दोन्ही हात तळव्यावर तळवा ठेवून पुढे केले. बाळ घेतलं, मान खाली झुकवली आणि तशीच ठेवली. समोरून नकळत मावशीचीही मान वाकली.

चौथा ट्रक ड्रायव्हर, दाराएवढा रुंद. तो मागे सरला. "परक्या बाईच्या लेकराला मी हात नाही लावत. आमच्यात ते बरं नसतं." तो तिथेच घुटमळला. मग म्हणाला, "तुम्ही धरा." तिने बाळ धरलं. त्याने आपले भलेमोठे पंजे तिच्या हातांखाली, न टेकवता, वीतभर अंतरावर धरले आणि नजर जमिनीवर ठेवून आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी म्हटलं. शेवटी सांगितलं, "आम्ही बाळाला रस्ते सांगतो. कुठे विहीर आहे, कुठे सावली आहे. मला इथले माहीत होते तेवढे सांगितले."

चार झाले. पाचवं कोण? सिस्टर मावशीकडे बघत होती.

"अगं, मला कळेचना," मावशी मला सांगत होती. "हजारो बाळं मी बाहेर नेली, पण ती सगळी दुसऱ्याला द्यायला. मी स्वतः एकही घेतलं नव्हतं. माझ्याकडे कसं करतात, हेच मला ठाऊक नव्हतं."

ती भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. बाळाने डोळे उघडले होते. कापडातून त्याचा एक हात सुटून तिच्या बोटावर आला. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आलास का बाबा? बरं केलंस." तिने मान वर केली. बाकावरचे चौघे उभे राहिले होते. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

आत गेल्यावर आईने तिच्या तोंडाकडे बघितलं. मावशीने पाच बोटं दाखवली. आईने बाळ छातीशी घेतलं आणि त्याच्या कानाशी पहिल्यांदा नाव घेतलं. मग मावशीलाही सांगितलं. मावशीने म्हणून पाहिलं; आईने हसून मान हलवली. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली आणि मला सगळं सांगितलं. त्या नावात एक असा आवाज होता, की तो आपल्या तोंडात बसतच नव्हता. घशात सुरू व्हायचा आणि नाकाशी संपायचा. मी प्रयत्न केला, काकांनी केला. काकांचा ऐकून मावशीला हसू आवरेना.

"हसू नका," ती आम्हालाच म्हणाली. "उद्या सकाळी सातला माझी पाळी आहे. त्याच्या आईसमोर मला ते नीट म्हणायचंय." आणि पाठ सरळ करून, तोंड आ वासून, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.