हातातला तुंबा

नदीकाठच्या पायसांदू गावात दार्दो बेरुएताच्या शेडमधून दुरुस्त झालेली गाडी मालकाला लगेच मिळत नसे. आधी दार्दो ती बंदराकडे उतरणाऱ्या दगडी रस्त्यावरून न्यायचा. दुसऱ्या गिअरमध्ये, उजवा हात स्टिअरिंगवर, डाव्या हातात येर्बाचा, म्हणजे तिथल्या कडू पानांच्या चहाचा, काठोकाठ भरलेला तुंबा. खाली पोचेपर्यंत पाणी सांडलं नाही तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर पास. सांडलं तर पुन्हा उघडायचे. एकेचाळीस वर्षं हीच रीत होती आणि गावात तिच्याबद्दल कुणी शंका घेतली नव्हती.

शॉक तो कडकच बसवायचा. मऊ गाडी वळणावर डुलते, मग ती कुठे नेऊन आपटेल ते सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी रविवारच्या शर्यतींत तो आपली लाल दोन-आसनी कूपे पळवायचा आणि शेजारच्या सीटवर त्याची एल्सिरा पुढची वळणं ओरडून सांगायची. लग्नाला चर्चमध्येही दोघं त्याच गाडीतून गेले. पुढे शर्यती बंद झाल्या. उरली ती रविवारची फेरी. घरापासून नदीपर्यंत जायचं, थर्मॉस संपेस्तोवर बसायचं आणि परत यायचं.

त्या हिवाळ्यात एल्सिराचा कर्करोग मणक्यात उतरला. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. कूपेचे शॉकही तेव्हाच गेले होते. मागच्या दोन्हींतून तेल ओघळत होतं आणि एका खड्ड्यावर गाडी तीनदा उसळायची.

सुट्या भागांचं दुकान चालवणारा एबेर म्हणाला, "माझी व्हॅन ने. सोफ्यासारखी आहे."

"तुझ्या व्हॅनला मेंढ्यांचा वास येतो," एल्सिरा खाटेवरून म्हणाली. "मेल्यावर कशातूनही न्या मला. नदीवर मी माझ्याच सीटवरून जाणार."

मग एबेरने शॉकचे दोन संच आणले. एक मऊ, घरगुती गाड्यांना बसतो तसला. दुसरा कडक, शर्यतीचा.

"मऊ घे, दार्दो. गावातल्या गावात चालवायचीये ना? आता कुणाला हरवायचंय?"

"म्हणजे जन्मभर लोकांना कडक बसवून दिले, आणि स्वतःच्या गाडीला गादी लावू?"

"अरे, बाई आजारी आहे."

"म्हणूनच. गाडी झुकली तर तिला धरणार कोण? माझे हात गुंतलेले असतात."

कडक संच बसला. दार्दो तुंबा घेऊन बंदरापर्यंत जाऊन आला, थेंबही सांडला नाही. रविवारी त्याने एल्सिराला नेलं.

"कशी वाटली?"

"चांगली," ती म्हणाली. "वळणावर अजिबात झुकत नाही."

परतीच्या वाटेवर तिने तोंड खिडकीकडे, खांद्यावरच्या पट्ट्याशी वळवून ठेवलं.

सोमवारी सीट पुसताना त्याला पट्टा दिसला. खांद्याजवळ पट्ट्याच्या कडेवर दातांचे खोल ठसे होते. एका ठिकाणी धागेच तुटले होते.

त्याने ठशांवरून अंगठा फिरवला. मग त्याने तुंबा भरला, पण या खेपेला तो हातात न घेता तिच्या सीटवर, चिंध्यांचा आधार देऊन उभा केला. गाडी वीस पावलंही गेली नसेल, येर्बा आणि पाणी सीटभर झालं. इतकी वर्षं धक्के खात होतं ते त्याचं कोपर.

दार्दोने शेडला कडी लावली. कडक संच काढून जुने शॉक उघडले, नवे सील घातले, पातळ तेल भरलं, आतल्या झडपांची भोकं केसभर मोठी केली. एल्सिराला उचलून तो वजनकाट्यावर उभा राहिला, मग एकटा. फरक अडतीस किलो. तेवढी वाळू पोत्यात भरून पोतं तिच्या सीटवर पट्ट्याने बांधलं आणि वर तुंबा ठेवला. बंदर. सांडलं. पुन्हा उघड. पाच दिवसांत नऊ वेळा.

"काय रे म्हाताऱ्या," एल्सिराने विचारलं, "माझ्या जागी कुणाला फिरवतोयस? शेजारीण सांगत होती, जाडी आहे म्हणे."

"वाळू आहे."

"म्हणजे बोलत नाही. तुला आवडत असेल."

शनिवारी त्याने पुन्हा वजन केलं. छत्तीस. दोन किलो वाळू त्याने अंगणात ओतली आणि पोत्याचं तोंड पुन्हा शिवलं.

त्या दुपारी तुंबा बंदरापर्यंत न सांडता पोचला. दुकानाच्या दारातून एबेर ओरडला, "दार्दो, गाडी आहे की होडी? वळणावर दार जमिनीला घासेल!" दार्दोने नुसता हात केला.

रविवारी त्याने तिला रजईसकट सीटवर ठेवलं. वेगाचा काटा विसाच्या वर जाऊ दिला नाही. कूपे दगडांवरून लाज वाटावी इतकी डुलत उतरली. शेवटच्या वळणाशी त्याने पाहिलं, तर एल्सिराची मान कलली होती. त्याची नजर रजईवर खिळली. रजई वर झाली, खाली झाली. ती झोपली होती. कित्येक आठवड्यांत इंजेक्शनशिवाय लागलेली ही पहिलीच झोप.

समोर नदी होती. त्याने हात तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. गाडी थांबली तर तिला जाग येईल, म्हणून पेट्रोलचा काटा तळाला टेकेपर्यंत तो नदीकाठच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिला. मग घरी आला.

तिला जाग आली ती खाटेवर. भिंतीवर अजून ऊन होतं; फेरी होऊन गेली हे तिला ठाऊकच नव्हतं.

"निघायचं ना? नदीवरचं ऊन जाईल."

दार्दोने तिच्या पायांवरची रजई सारखी केली. "शॉक झाले नाहीत अजून," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी नेतो."

"गिऱ्हाइकांना हेच सांगतोस," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

गुरुवारी ती गेली.

शेड आता पुन्हा उघडी असते. दुरुस्त गाडी तपासायला दार्दो मालकालाच स्टिअरिंगवर बसवतो; इतकी वर्षं पाहिलेलं म्हणून मालक तुंबा हातात धरतो. दार्दो तो त्याच्याकडून काढून घेतो, शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवतो आणि म्हणतो, "हं, आता चालव."