खाली बसायची जागा

मुरबे गावातल्या आमच्या शेजारणीला हळू बोलता येत नाही. बाजारात मासळी विकून विकून आवाज तसाच झालाय. गुपितही ती हाक मारल्यासारखं सांगते. येते नेहमी मागच्या दारानं, आणि महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणते.

आमच्या जुन्या कौलारू घरातलं स्वयंपाकघर यंदा आम्ही नवं केलं. चूल गेली. उंच ओटा आला, चिमणी आली, बोटानं सरकणारे ड्रॉवर आले. जन्मभर खाली बसून रांधणारी आई मात्र पडवीतच बसून राहू लागली. "तुमचं तुम्ही करा," म्हणायची. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

शेजारणीनं काहीच विचारलं नाही. एका सकाळी बोंबिलांची टोपली घेऊन ती सरळ आत आली, नव्या चकचकीत लादीवर फतकल मारून बसली, विळी मांडली आणि ओरडली, "वयनी, ये गो! माज्यानं एकटीनं साफ नाय होत. एकटीनं नाय होत!"

टोपल्याच्या टोपल्या एकटीनं साफ करणारी बाई ही!

आई उठली. भिंतीला धरत आत गेली आणि तिच्यासमोर खाली बसली. थोड्या वेळानं माझ्या नावानं आईची हाक आली, "अरे, मीठ कुठं ठेवलंत?"