दादा काच पुसायला गेला होता

आमच्या दादाला प्लांटमध्ये सगळे फेसवाला म्हणायचे. कामच तसं. तांब्याचा दगड दळून त्याचा चिखल मोठ्या टाक्यांत सोडतात, त्यात औषध टाकतात, खालून हवा मारतात. मग तांबं बुडबुड्यांना चिकटून वर येतं आणि फेसाबरोबर काठावरून पडतं. दादा फेस बघून हवा कमीजास्त करायचा. जन्म गेला त्याचा त्यात. घरी वहिनी कपडे भिजवायची तर बादलीत डोकावून म्हणायचा, "हवा जास्त झाली गं." आम्ही हसायचो.

मग टाकीवर कॅमेरा आला. आता फेस तो बघणार आणि हवा कॉम्प्युटर आपोआप सोडणार. साहेब म्हणाले, कुणाला काढणार नाही, पण जो आडवा येईल त्याला ठेवणारही नाही. तेव्हापासून दादा धसकला तो धसकलाच.

कारण फेस उडायचा तो नेमका कॅमेऱ्याच्या काचेवर. काच माखली की कॅमेरा आंधळा, कॉम्प्युटर काम सोडून द्यायचा. लगेच साहेबाचा फोन, "पाळी कुणाची?" त्यात दादाचा जोडीदार मुद्दाम पाइपाने काचेवर फेस उडवायचा. दादाने स्वतः पाहिलं.

"अरे, माझ्यावर येईल ना हे!"

"येऊ दे. ते आंधळं आहे तोवर आपलं पोट आहे, फेसवाले. शहाणं झालं की बसू दोघं घरी माश्या मारत."

दादाने साहेबांना त्याचं नाव सांगितलं नाही, त्याच्याही घरी खाणारी तोंडं. फक्त मला आणि वहिनीला बोलला. खिशात फडकं ठेवून स्वतःच काच पुसायला लागला. वहिनी म्हणाली, "पोरांचं नाक कधी पुसलं नाहीत, आणि त्या कॅमेऱ्याचं तोंड पुसताय." तो हसला नाही. जेवताना घास हातातच राहायचा. खुर्चीत डुलकी लागली तरी दचकून म्हणायचा, "मी नाही केलं साहेब." मी म्हटलं दादा सोड ती नोकरी, तर म्हणे, "या वयात मला कोण दारात उभं करणार?"

काच पुसायची तर आधी टाकी बंद करायची असा नियम आहे. पण बंद केली की ते कॉम्प्युटरात दिसतं, आणि दादाला तीच धास्ती, की म्हणतील याच्याच पाळीत का बंद पडते. म्हणून तो चालू टाकीवर कठड्यावरून वाकून पुसायचा. त्या दिवशी पायाखालची लोखंडी जाळी ओली होती. पाय सरकला. आत चिखल घुसळणारा पंखा फिरत होता. पुढचं मला लिहवत नाही.

आता साहेब म्हणतात, हातात फडकं होतं म्हणजे कॅमेरा झाकायला गेला असेल. ज्या गोष्टीला तो जिवंतपणी भ्याला तीच मेल्यावर त्याच्या माथी. मी म्हटलं साहेब, तो पुसायला गेला होता हो. ते म्हणाले, चौकशीत बघू.

काल जोडीदार आला. उंबऱ्यातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला खरं माहीत आहे."

तो म्हणाला, "वहिनी, बोललो तर मी गेलो."

"आणि नाही बोललात तर हे दुसऱ्यांदा जातील."

मान खाली घालून निघून गेला. उद्या चौकशी आहे. तो परत येईल म्हणून वहिनी दुपारपासून दाराकडे तोंड करून बसलीय, मला तिच्याशी बोलायचीसुद्धा भीती वाटते.