जवळ्यावर पाय देऊ नका

चूक माझीच होती, हे आधी कबूल करते. शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

माझी मुलगी तेव्हा सिनियर केजीत होती, खारघरच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत. पेन्सिल हातात दिली की हिच्या पोटात दुखायचं. वही उघडली की आत लाल फुल्याच फुल्या. बाई म्हणाल्या, "मॅडम, घरी ती गावठी भाषा बंद करा. ओन्ली इंग्लिश. नाहीतर पहिलीत घालता येणार नाही." आता मी रबाळ्याच्या कंपनीत पॅकिंगला, नवऱ्याची शिफ्ट, आणि पोरीला सांभाळते माझी सासू. आम्ही खाडीकाठच्या दिवाळे गावात राहतो, सासू मासळी विकते, शाळेची पायरी तिनं कधी चढलेली नाही. इंग्लिश बोलणार कोण? पण पोरगी मागे पडेल या भीतीनं माझं डोकंच चालेना.

मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. डोअर, फ्रिज, फॅन. सासूला बजावलं, "आई, तिच्याशी मराठी बोलायचं नाही." तिला दुसरं येतं काय? ती गप्प बसली. दोन महिने माझ्या घरात आजी आणि नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. मग ते हसणंही थांबलं. पोरगी शाळेतून आली की कॉटखाली जाऊन बसायची. आणि मी मूर्ख बाई, फ्रिजवरची चिठ्ठी सुटली की परत चिकटवत होते.

एका रविवारी सासूनं खाडीकाठी जमिनीवर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता. सुट्टीच्या सकाळी टॉवरमधली मंडळी तिकडे फिरायला येतात. होड्यांचे फोटो काढतात, खाली कोण बघतंय? बुटासकट सरळ जवळ्यावर. सासू ओरडून ओरडून दमली आणि त्या रागात माझा हुकूम विसरली. नातीला म्हणाली, "गो बाय, मना लिवाला येत नाय. तुला येतंय ना? मंग लिव, पाय देव नका म्हनून."

मी बाजूलाच जाळी पसरत होते. "आई, मराठी नको" हे अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही, नशीब माझं.

मराठी अक्षरं पोरीला येत होती. शाळेत जायच्या आधी, भाकऱ्या झाल्या की परातीतल्या उरलेल्या पिठात तिचं बोट धरून मीच शिकवली होती. शाळा सुरू झाली आणि मीच ते बंद केलं. तिनं थर्माकोलच्या पेटीचं झाकण ओढलं, माझ्या पर्समधला कंपनीतल्या खोक्यांवर लिहायचा जाड मार्कर काढला आणि पोटावर पालथी पडून लिहायला लागली. अर्धा तास लागला. ओळ खाली घसरली, शेवटचं अक्षर काठावर कसंबसं मावलं. पोटात दुखतंय, असं एकदाही म्हणाली नाही.

झाकण जवळ्याजवळ उभं केलं. पांढरे बूट घातलेली एक बाई मोबाईल धरून आली, थबकली, वाचलं, उचललेला पाय मागे घेतला आणि वळसा घालून गेली. "सॉरी हं आजी," म्हणाली. माझी पोरगी त्या बुटांकडे बघतच राहिली. मग किंचाळली, "आजी! त्यांनी वाचलं! माझं वाचलं!"

दोन महिन्यांनी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला मी. तिथेच ढसाढसा रडले. दुपारी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि सासूची माफी मागितली. ती म्हणाली, "जाव दे गो. चाय टाक."

त्यानंतर लिहायला सांगावं लागलं नाही. मासळीच्या टोपलीपुढे लावायच्या पाट्या आजी सांगणार, नात लिहिणार. आज मांदेली. उद्या सुट्टी. मांजरीला हाकला. ओळखीच्या बायका मुद्दाम थांबून मोठ्यानं वाचायच्या आणि ही लाजून आजीच्या पदरात तोंड खुपसायची.

मार्चमध्ये शाळेनं बोलावलं. पोरीला घेऊन पालकांच्या रांगेत उभी राहिले. फॉर्म तयारच होता: मुलीला त्याच वर्गात पुन्हा बसवायला पालकांची संमती. बाई काही वाईट नव्हत्या, वर्गात पोरं तरी किती. आणि वहीतली बी-डी ही इंग्लिश अक्षरं अजून उलटीच होती, खोटं कशाला बोलू?

"घरी इंग्लिश चालू आहे ना?" बाईंनी विचारलं.

"नाही. बंद केलं."

"मग कसं होणार, मॅडम?"

"होईल! ती आता आपणहून लिहिते, तुमचे बी-डी पण सरळ करेल. पण आजीशी अबोला धरून येणारं इंग्लिश मला नको."

मी पेन घेतलं. पालकांच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फॉर्म परत सरकवला.

बाई मूळच्या केरळच्या, मराठी वाचायची त्यांना सवय नव्हती. "हे काय लिहिलंत? इंग्लिशमध्ये लिहा ना."

मी काही बोलायच्या आत पोरगी खुर्चीवर गुडघे टेकून टेबलावर वाकली. अक्षरांखाली बोट ठेवून, एकेक शब्द जोरात वाचत गेली. "मी... सही... करणार... नाही."

रांगेतले सगळे पालक वळून बघायला लागले. तिनं मान वर केली आणि बाईंना विचारलं, "परत वाचू का?"